अलीकडचे चित्रपट: मला बघू देणारे आणि न देणारे

मध्यंतर

हा धागा फार दिवस काढायचा होता. गेल्या दोन-अडीच वर्षांत थिएटरात जाऊन जे पाहिलं, त्यातलं काय डोक्यात राहिलं आणि का, ते लिहिते. हे परीक्षण नाही आणि तारेही देणार नाही. 'दशावतार'च्या उत्तरार्धाबद्दल बोलावं लागणार आहे, त्यामुळे तो अजून पाहायचा असेल त्यांनी तेवढा परिच्छेद सोडा.

हल्लीचे बहुतेक चित्रपट प्रेक्षकाला काही करायलाच ठेवत नाहीत, अशी माझी तक्रार आहे. पात्राला दुःख झालं की ते चेहऱ्यावर दिसतं. मग पात्र ते बोलून दाखवतं, मग गाणं तेच सांगतं, आणि या सगळ्याच्या आधीच व्हायोलिनने रडायला सुरुवात केलेली असते. मला मनापासून आवडलेले थोडे चित्रपट नेमके इथे वेगळे निघाले.

'साबर बोंडं' त्यांत पहिला. रोहन परशुराम कानवडे यांचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात त्याला जागतिक चित्रपट विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं आणि सप्टेंबरात तो आपल्याकडे लागला. मुंबईत नोकरी करणारा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांचं सुतक पाळायला आईबरोबर गावी येतो. नातेवाइकांचं पालुपद एकच, लग्न कधी करतोस. तिथे त्याला लहानपणचा मित्र बाळ्या भेटतो.

दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट आहे, पण केवढा धाडसी विषय घेतलाय असा आव कुठेही नाही. कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी थांबलेला. माणसं चौकटीत येतात, बसतात, उठून जातात. पार्श्वसंगीत नाहीच. सुरुवातीला मला ते जड गेलं, हात आपोआप मोबाइलकडे वळत होता. मग हळूहळू कान उघडले आणि घरातली माणसं एकमेकांच्या किती जवळ किंवा लांब बसलीत याकडे लक्ष जायला लागलं. सुतकाच्या घरात माणसांचा राबता असतो, एकांत म्हणून मिळत नाही. पण त्याच घरात कोण कोणाच्या शेजारी किती वेळ गप्प बसलं, हे कोणी विचारत नाही. दिग्दर्शकाने ही फट बरोबर हेरली आहे. एरवी गावात ज्यावर चार डोळे रोखले गेले असते, ते त्या दहा दिवसांत सहज घडून जातं. कानवडे स्वतः वडिलांच्या मृत्यूनंतर असेच दहा दिवस गावी होते आणि गोष्ट तिथूनच आली. ते पडद्यावर जाणवतं, कारण विधींचं प्रदर्शन मांडलेलं नाही. ते घरातल्या इतर कामांसारखेच होत राहतात.

आईचं काम जयश्री जगताप यांनी केलंय. मुलाबद्दल तिला सगळं ठाऊक आहे. हे कळायला मोठा प्रसंग नाही, अश्रू नाहीत, मिठी नाही. बोलता बोलता कळतं. दुसऱ्या कुठल्या चित्रपटात याच जागी मध्यंतर झालं असतं.

जयंत दिगंबर सोमलकर यांचा 'स्थळ' टोरांटोच्या महोत्सवात २०२३ मध्येच आशियाई चित्रपटांना दिला जाणारा नेटपॅक पुरस्कार मिळवून आला होता. थिएटरात यायला मार्च २०२५ उजाडलं. विदर्भातलं डोंगरगाव, कापूस पिकवणारा बाप, कॉलेजात शिकणारी सविता. पाहुणे तिला बघायला येतात. नाव, शिक्षण, उंची, आवड. नकार. परत पाहुणे, परत तेच प्रश्न, त्याच सुरात. पहिल्या खेपेला थिएटरात हशा होता. दुसऱ्या खेपेलाही थोडा. माझ्या मागच्या रांगेतल्या एक बाई पुढे पुढे प्रश्न यायच्या आधीच 'आता उंची' असं पुटपुटायला लागल्या आणि हशा थांबला. लेखक-दिग्दर्शकाने यावर कुठलीही टिप्पणी केलेली नाही. तोच प्रसंग पुन्हा पुन्हा बघायला लावलाय, बस. सविताला कॉलेजात शिकवल्या जाणाऱ्या स्त्री सक्षमीकरणाच्या तासानंतर ती घरी येते आणि पाहुण्यांसमोर बसते, तेव्हा दोन्ही प्रसंग नुसते शेजारी ठेवलेले आहेत. त्यावर आणखी बोलायची गरज राहत नाही. नंदिनी चिकटेने सविता अशी केलीय की तिच्या मानेच्या कोनावरून आज कितवं स्थळ असेल हे समजावं.

आता 'दशावतार'. (उत्तरार्ध फोडते आहे.) दिलीप प्रभावळकर यांचं वय तेव्हा ८१. बाबुली मेस्त्री या दशावतारी कलावंताची दृष्टी जातेय, मुलगा माधव आता पुरे म्हणतोय, महाशिवरात्रीचा शेवटचा खेळ करून थांबायचं ठरलंय. हा पूर्वार्ध मी पुन्हा पाहीन. रंग लावलेला बाबुली राजा वाटतो आणि घरात मुलापुढे तोच माणूस अर्धा होतो, हे प्रभावळकरांनी नुसत्या चालण्यातून दाखवलंय. बापलेकाचं भांडणही भांडणासारखं नाही, दोघांनाही एकमेकांची काळजी आहे म्हणून ते चिडलेत. पुढे खाण येते, सूड येतो आणि चित्रपट घाईला येतो. खाणींमुळे कोकणाचं काय होतंय हा प्रश्न खरा आहे, जळजळीत आहे. पण बाबुलीच्या डोळ्यांत जे आधीच दिसलं होतं ते संवादांत पुन्हा सांगितलं गेलं आणि त्यावर ढोलांचा मारा झाला. मी हळहळत बाहेर आले, कारण सगळं हाताशी होतं.

पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' २०२४ मध्ये कान चित्रपट महोत्सवात ग्रँड प्री हे पारितोषिक मिळवून त्याच वर्षी नोव्हेंबरात इथे लागला. मुंबईतल्या मल्याळी नर्सेस आणि रुग्णालयात स्वयंपाक करणारी रत्नागिरीकडची पार्वती. परदेशात गेलेल्या आणि फोनही न करणाऱ्या नवऱ्याकडून त्यांतल्या प्रभा या नर्सला एक राइस कुकर येतो. पत्र नाही, चिठ्ठी नाही. रात्री ती त्या कुकरला मिठी मारून जमिनीवर बसते. एवढंच. त्या लग्नाबद्दल सांगण्यासारखं काही उरलं नाही. आणि पार्वती झालेल्या छाया कदम! घराचे कागद नाहीत म्हणून खोली जाणार, अशा बाईचा राग त्यांनी आवाज न चढवता दाखवलाय. पार्वती आणि प्रभा बिल्डरच्या फलकावर दगड भिरकावतात तेव्हा मला मनापासून बरं वाटलं.

'छावा'बद्दल थोडक्यात, कारण त्यावर सगळं लिहून झालंय. शेवटच्या भागात साखळदंडांत जखडलेले शंभूराजे आणि कवी कलश एकमेकांना काव्यपंक्ती ऐकवतात, तो प्रसंग विकी कौशल आणि विनीत कुमार सिंग यांनी असा केलाय की त्याआधीचा गदारोळ मी विसरले. 'बुधभूषण' लिहिणारा राजा तेवढ्यात दिसतो. उरलेल्या चित्रपटात तो मला आणखी हवा होता.

तुमचे कोणते? आणि माझ्या तक्रारीशी सहमत नसाल तर जरूर लिहा.

पऱ्हाटी

'स्थळ'वर सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. त्याच भागातली आहे मी. चित्रपटांत आमच्या बोलीतलं पात्र आलं की ते हसवायलाच असतं, ही सवय झालेली. इथे सगळेच त्या बोलीत बोलतात, बाप, मैतरणी, मास्तर, येणारे पाहुणे. त्यामुळे ती बोली गंमत म्हणून उरतच नाही. कलाकारही बहुतेक त्याच गावचे, म्हणून बसण्या-उठण्यात कुठे नाटकीपणा नाही.

कापसाबद्दल जोडते. शहरात पाहणाऱ्यांना ते पार्श्वभूमीसारखं वाटलं असेल, पण ती गोष्टीची दुसरी बाजू आहे. बाप कापसाला भाव किती मिळतो याची वाट बघतो आणि पोरगी पसंतीची. दोघांचाही भाव समोरचा ठरवणार. आमच्याकडे पोरीच्या लग्नाची तारीख कापूस विकल्यावरच धरतात, कारण हातात पैसा तेव्हाच येतो. दिग्दर्शकाने हे कुठेही बोलून दाखवलं नाही. ज्याला माहीत आहे त्याला पोचतं.

मालवणी मुलूख

तुमचा म्हणणा माका अर्धाच पटला. प्रमाण भाषेत लिहितो, म्हणजे सगळ्यांना कळेल.

'दशावतार'चा उत्तरार्ध फार सांगतो, ओरडून सांगतो, हे खरं. पण दशावतार असाच असतो. जत्रेत रात्रभर खेळ चालतो. लिहिलेली संहिता नसते. आज कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, कोण कुठली भूमिका करणार ते ठरतं आणि नट रंगमंचावर आयत्या वेळी संवाद बोलतात. पात्र पडद्यामागून आलं की आधी स्वतःची ओळख देतं: मी कोण, माझा पराक्रम काय, आता मी काय करणार आहे. राक्षस आपलं राक्षसपण गर्जून सांगतो. मागे पखवाज, झांज, हार्मोनियम. तुम्ही ज्याला ढोलांचा मारा म्हणता, तो आमच्या कानांना पहाटे तीन वाजता जागं ठेवणारा आवाज आहे. बाबुली आयुष्यभर त्याच रीतीने बोलत आला. त्याचं सगळं गेल्यावर तो दुसऱ्या कुठल्या रीतीने बोलेल? सूड घ्यायला निघालेला बाबुली अवतार घेऊनच निघणार आणि अवतार आला की स्वगत आलं. मला तो उत्तरार्ध लोककलेशी इमान राखणारा वाटला.

दशावतारी नटाची दृष्टी जाणं म्हणजे काय, हेही सांगतो. हे लोक रंग स्वतः लावतात, छोट्या आरशात बघून. नजर गेली तर पहिली अडचण रंगमंचावर येत नाही, रंगपटात येते. प्रभावळकरांनी हे ओळखून काम केलंय असं मला वाटलं.

मध्यंतर

मालवणी मुलूख, आरशाचं फार आवडलं. पुन्हा पाहताना तेच बघणार.

स्वगताबद्दल मात्र माझं मत कायम आहे. देवळासमोरच्या मांडावर शेवटच्या ओळीतल्या माणसाला नटाचा चेहरा दिसत नाही. म्हणून तो स्वतःची ओळख ओरडून देतो आणि ते तिथे शोभतं, किंबहुना तीच त्या कलेची ताकद आहे. चित्रपटात कॅमेरा बाबुलीच्या पापण्यांपर्यंत गेलेला आहे. चेहरा एवढा जवळ आणून वर तेच शब्दांत सांगितलं की दोन्हींचं बळ कमी होतं. कॅमेरा लांब ठेवला असता, खेळासारखा, समोरून, आणि मग बाबुलीला पूर्ण आवाजात बोलू दिलं असतं, तर माझी काहीच हरकत नव्हती. उलट अंगावर काटा आला असता.

मालवणी मुलूख

ह्यां बरोबर. कॅमेरा लांब ठेवायचा मुद्दा मान्य. पूर्वार्धातले खेळाचे प्रसंग मला त्यामुळेच जास्त भावले असणार.

साउंडट्रॅक

चित्रपटांच्या ध्वनीचं काम करतो, म्हणून पार्श्वसंगीताच्या तक्रारीत थोडी भर.

संगीत जास्त होण्यामागे दर वेळी दिग्दर्शकाचा प्रेक्षकावरचा अविश्वास नसतो. पुष्कळदा कारण शूटिंगच्या दिवशीच घडलेलं असतं. लोकेशनवर जनरेटर चालू, रस्ता जवळ, बघ्यांची गर्दी. मग तिथला आवाज नुसता संदर्भासाठी ठेवायचा आणि नटांनी नंतर स्टुडिओत येऊन सगळं डब करायचं. डबिंगमध्ये संवाद स्वच्छ मिळतो, पण त्याच्यामागची जागा निघून जाते. पंख्याची घरघर, लांबचं कुत्रं, साडीची सळसळ, बोलायच्या आधी माणूस घेतो तो श्वास. हे सगळं फोली करून, म्हणजे स्टुडिओत तसे आवाज काढून, एकेक परत उभं करावं लागतं. त्याला वेळ लागतो, पैसा लागतो, आणि काम ध्वनीपर्यंत येईतो प्रदर्शनाची तारीख जाहीर झालेली असते. संवादांमधली शांतता मग पोकळ ऐकू येते. त्या पोकळीवर स्ट्रिंग्ज पसरल्या की ती झाकली जाते. भिंतीतली ओल झाकायला रंगाचा हात मारतात, तसंच.

म्हणून सिंक साउंडचा, म्हणजे शूटिंगच्या वेळचाच आवाज वापरायचा, आग्रह धरणारे दिग्दर्शक लोकेशनवर शॉट संपल्यावर सगळ्यांना गप्प उभं करतात आणि त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करून घेतात. तिला आम्ही रूम टोन म्हणतो. प्रत्येक खोलीची वेगळी असते. तुम्हाला 'साबर बोंडं'मध्ये कान उघडल्यासारखं वाटलं ते यामुळे, तिथे ऐकण्यासारखं काही ठेवलेलं आहे. संगीत काढून टाकलं आणि खाली काहीच नसलं तर प्रेक्षक कंटाळणारच.

आणखी एक दडपण हल्ली फार वाढलंय. चित्रपट पुढे मोबाइलच्या स्पीकरवर पाहिला जाणार हे सगळ्यांना माहीत असतं. बारीक आवाज तिथे ऐकूच येत नाहीत, त्यामुळे 'इथे काहीतरी टाका' असा निरोप येतो. थिएटरसाठी केलेल्या मिक्समध्ये मी जिवापाड जपलेली कुजबुज अशा निरोपाने गेलेली आहे. ते दुखतं.

कंदील

सगळं वाचतेय. मला मात्र मध्यंतर यांची तक्रार थोडी कडक वाटते. माझ्या आई-मावश्या 'बाईपण भारी देवा' पाहायला एकत्र गेल्या होत्या, मीही होते. २०२३ साली तो चित्रपट बायकांनी नटूनथटून, घोळक्याने जाऊन पाहिला. तिथे सगळं बोलून दाखवलंय, सहाही बहिणींची दुखणी शब्दांत मांडली आहेत. आणि तेच हवं होतं! माझ्या मावशीने आयुष्यात ज्या गोष्टी मोठ्याने म्हटल्या नाहीत, त्या पडद्यावर कोणीतरी म्हणतंय हे बघून ती रडली. तिला सूचक शांतता पुरली नसती. शांतता तिच्याकडे घरी भरपूर आहे.

मध्यंतर

कंदील, शेवटचं वाक्य फार मोलाचं लिहिलंत. 'बाईपण भारी देवा'वर माझा राग नाहीच. तिथे बोलणं हाच विषय आहे, त्या बहिणींनी वर्षानुवर्षं एकमेकींशी न बोललेलं बाहेर पडतं, म्हणून ते संवाद गोष्टीच्या पोटातून येतात. रोहिणी हट्टंगडी आणि वंदना गुप्ते समोरासमोर आल्या की तर मला आणखी ऐकायचं असतं. आक्षेप आहे तो दिसलेलंच पुन्हा ऐकवण्याला.

पहिला शो

सगळे आशयावर बोलतायत, मी शोच्या वेळेवर बोलतो. कारण शो मिळाला तरच पुढचं सगळं.

१२ सप्टेंबर २०२५ ला 'दशावतार', 'आरपार' आणि 'बिन लग्नाची गोष्ट' हे तीन मराठी चित्रपट एकाच शुक्रवारी लागले. पुढच्याच शुक्रवारी 'साबर बोंडं'. प्रेक्षक तोच, सुटीचे दिवस तेच. 'दशावतार' चालला याचा आनंद आहे, पण संगीत नसलेला, संथ, सनडान्सचं नाव घेऊन आलेला चित्रपट त्या गर्दीत टिकवायला लोकांना एकमेकांना सांगायला वेळ मिळावा लागतो. तो मिळत नाही. सोमवारी आकडे बघतात आणि मंगळवारपासून सकाळचा एखादा शो उरतो. नोकरी करणाऱ्याने सकाळी साडेनऊला जायचं कसं? मी एकदा मोठ्या मिनतवारीने रजा टाकून गेलो, तर पुरेशी तिकिटं गेली नाहीत म्हणून शो रद्द. पैसे परत मिळाले, चित्रपट राहिला तो राहिलाच.

२०१५ साली राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपट प्राइम टाइमला दाखवण्याची अट घातली, तेव्हा दुपारी १२ ते रात्री ९ अशी वेळ धरली गेली होती. दुपारी १२ चा शो दिला तरी अट पाळल्यासारखी होते, पण नोकरदाराला त्याचा काय उपयोग? आणि तिकीट. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के केला, त्यावरच्या तिकिटावर १८ टक्के तसाच ठेवला. मल्टिप्लेक्समधलं रविवार संध्याकाळचं तिकीट १०० रुपयांत बसत नाही. सवलत मिळाली ती मुख्यतः एकपडदा थिएटरांना, आणि ती आधीच कमी होत चालली आहेत.

पुरस्कार आणि प्रदर्शन यांतलं अंतर हा वेगळाच विषय. आदिनाथ कोठारे यांच्या 'पाणी'ला २०१८ सालासाठी पर्यावरणविषयक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो थिएटरात आला ऑक्टोबर २०२४ मध्ये. मराठवाड्यातल्या एका गावाचा पाण्याचा प्रश्न एवढी वर्षं डब्यात बंद.

पऱ्हाटी

पहिला शो, 'स्थळ'च्या वेळीही हेच झालं. ज्या भागातली गोष्ट, तिथल्या लोकांना बघायला लांब जावं लागलं. आम्ही गाडी करून मोठ्या शहरात गेलो. माझ्या बहिणीचं तेव्हा बघणं चालू होतं, परत येताना ती खिडकीबाहेर बघत होती आणि बाबा एकदम म्हणाले, पुढच्या पाहुण्यांना उंची मी फोनवरच सांगून टाकीन, तिला विचारू देणार नाही.

साउंडट्रॅक

@पऱ्हाटी, हे त्या दिग्दर्शकापर्यंत पोचायला हवं.

कंदील

एक मदत हवी. आईला घेऊन जाण्यासारखं, पण 'बाईपण'पेक्षा थोडं वेगळं काही सुचवाल का? संथ चित्रपटांना ती कंटाळते. घरी पाहिला तरी चालेल.

मध्यंतर

मग 'वाळवी'. परेश मोकाशींचा, जानेवारी २०२३चा, सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळालेला. बायकोचा काटा काढायचा बेत आखलाय आणि तो फसत जातो. संथ अजिबात नाही, तरी प्रेक्षकाला पुढे धावू देतो. कुठली वस्तू कुठे ठेवलीय हे लक्षात ठेवावं लागतं आणि लक्षात ठेवलं की मजा वाढते. तिला आवडला तर त्याच वर्षीचा 'आत्मपॅम्फ्लेट' लावा. आशिष बेंडे यांचा, लेखन पुन्हा मोकाशींचं. शाळकरी मुलाचं पहिलं प्रेम आणि त्याच्या आजूबाजूला बदलणारा देश, दोन्ही एकाच दमात. त्यात निवेदन सतत चालू असतं, म्हणजे माझ्या तक्रारीप्रमाणे मला खटकायला हवं होतं. पण तिथे निवेदन एक सांगतं आणि चित्र दुसरंच दाखवतं, आणि त्या दोहोंतली गंमत आपण जोडायची असते.

मुलं सोबत असतील तर 'नाळ २'. चिमी झालेल्या त्रिशा ठोसरला बघाच. एवढंसं पोर भावावर रुसतं तेव्हा नुसती पाठ करून बसतं आणि सगळं कळतं.

साउंडट्रॅक

आणि घरी बघणार असाल तर टीव्हीच्या स्पीकरवर बघू नका. साधा साउंडबार जोडा, नाहीतर हेडफोन. 'वाळवी'त काही गोष्टी आधी ऐकू येतात आणि मग दिसतात.